घाटात एसी लावायचा नसतो

ब्रॉलीहून सॅन डिएगोला जाताना वाळवंट संपतं तिथे उभा घाट लागतो. त्या चढावर उन्हाळ्यात एसी लावला की इंजिन उकळतं, म्हणून लावायचा नाही, हे तिथली माणसं बोलायच्या आधी शिकतात. तरीही निघताना हसिंताने बहिणीच्या नवऱ्याला, चेमाला, दोनदा बजावलं होतं.

एकोणीस वर्षं ती ब्रॉलीच्या खोऱ्यात लेट्यूसचे गड्डे कापत होती. वाकलेल्या कमरेनेच तिने नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न पाठ केले. आज एक वाजता शपथ होती. चुकली तर पुन्हा कधी बोलावतील याचा नेम नव्हता, आणि शपथेशिवाय सीमेपलीकडच्या म्हाताऱ्या आईला कायमचं आणायचा अर्ज करता येत नव्हता. म्हणून सगळं घर व्हॅनमध्ये कोंबून निघालं होतं.

जपमाळ ओढायला तिने डोळे मिटले, तेवढ्यात गाडी चालवणाऱ्या चेमाने एसी लावला. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफ उसळली.

"पाण्याचे कॅन काढ," हसिंता म्हणाली.

"ताई, ते घरीच राहिले. स्पीकरला जागा होईना."

"स्पीकरला! मग ओत आता गाणी रेडिएटरमध्ये!"

बहीण नीएवेस मध्ये पडली. "अगं, चांगल्या दिवशी कशाला—"

"तू गप. तूच लाडावून ठेवलंयस याला!"

हसिंताने क्रुसाची खूण केली. ग्वादालूपेच्या माते, माझी जीभ आवर. मग कणसाच्या पानांत उकडलेल्या तमालेचं मोठं पातेलं तिने बहिणीच्या मांडीवरच्या फडक्यात रिकामं केलं आणि चेमाच्या हातात कोंबलं. "मागच्या वळणावर रेडिएटरच्या पाण्याची टाकी आहे. चाल."

"एवढ्या उन्हात?"

"लेट्यूस मी काय सावलीत कापते?"

तो परतेपर्यंत ती गाडीपाशी उभीच होती. इंजिन निवेपर्यंत कुणाला झाकणाला हात लावू दिला नाही. मग पाणी ओतलं, स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि हीटर पूर्ण सोडला.

"ताई, हीटर? मरू आम्ही!"

"इंजिनाची आग अशीच बाहेर ओढतात. खिडकी उघड आणि सोस."

एक वाजायला तीन मिनिटं असताना ती शपथेच्या सभागृहात शिरली. ब्लाऊज अंगाला चिकटलेला, शपथेसाठी वर केलेल्या उजव्या हाताला काजळी. शब्द मात्र एकही अडखळला नाही.

बाहेर सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. चेमा शेवटी आला. "ताई, आता तरी राग सोड."

"आई घरी येईल, त्या दिवशी बघू."

परतताना घाट उताराचा होता. तरी किल्ली तिनेच घेतली, आणि एसी ब्रॉलीपर्यंत बंद ठेवला.