झोक्याचा नाडा

आणि नाही, झोक्यावरचा नानाचा फोटो मी देणार नाही.

कोणी मागितला नाही अजून. पण मागतील. घरच्या ग्रुपवर सकाळपासून तेच चाललंय. देवमाणूस गेला. हसरा चेहरा गेला. पिंप्राळ्याच्या पुतणीनं तर हात जोडलेले रांगेनं टाकले.

नाना माझा धाकटा दीर. काल सकाळी गेला. चांगला माणूस होता, नाही कोण म्हणतं.

घरात एक जण सगळ्यांना चांगला असला की दुसऱ्या कोणाला तरी वाईट व्हावं लागतं. ते मी झाले.

चौथी शिकलेली बाई आहे, येतं तसं लिहिते.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. गावात पहिला रंगीत टीव्ही आला त्याच्या आसपास. धरणगावजवळ आमचं गाव, पत्र्याचं घर, आम्ही आणि नाना एकत्र.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आमच्याकडं वावधन सुरू होतं. पावसाच्या आधीचं धुळीचं वादळ. आत्ता ऊन, आणि घडीभरात आभाळ लाल.

म्हणून आखाजी झाली की मी घर बांधायला घ्यायची.

गोवऱ्या आत. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आत. पापडाचे डबे वरून खाली. कंदिलाची काच राखेनं पुसून तयार. पत्र्यावर दगड ठेवायचेच, पण दगडावर माझा भरवसा नाही, म्हणून वरून नाडा.

नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर. विहिरीवर मोटर आली, मोट मोडीत गेली, नाडा राहिला. तो पत्र्यावरून टाकायचा, एक टोक निंबाला, एक टोक खुंट्याला. गच्च.

पण आखाजीला त्याच नाड्याचा झोका व्हायचा. माहेरी आलेल्या माझ्या नणंदा, गल्लीतल्या पोरी, सगळ्या त्याच्यावर. बांधायचा नानाच.

त्या साली आखाजी झाली, मी म्हटलं, नाना, आता नाडा सोड.

"पोरी चार दिनन्या पाव्हण्या शेतस वहिनी. झुलू दे त्यास्ले."

म्हटलं, पोरी जाईपर्यंत वावधन थांबणार आहे का?

"वारा काय घर लई जाई का? आज बाजार शे. मी नवा दोर लई येसू ना."

पोरी हसल्या. एक नणंद म्हणे, वहिनीला आमचं सुख बघवत नाही.

आमचे हे, नानाचे मोठे भाऊ, ते पण म्हणाले, राहू दे ना दोन दिवस. तू पण.

जळगावहून एका नणंदेचे मालक आले होते, त्यांनी कॅमेरा आणला होता. झोक्यावर नाना उभा, हसतोय. तोच तो फोटो.

संध्याकाळी नाना बाजारातून आला. पोरींना बांगड्या आणल्या. मला पण आणल्या, हिरव्या.

दोर विसरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ लाल झालं.

पत्रा उचलायला लागला तशी ह्यांनी पत्र्याखालची लाकडी बल्ली दोन्ही हातांनी धरली. आमच्याकडं असंच करतात. घर उडायला लागलं की माणसानं लोंबकळायचं. जसं काय वारा माणसाच्या वजनाला भिणार आहे.

मी म्हटलं, सोडा.

नाही सोडली.

पत्रा गेला, बल्ली गेली, तिच्यासंगं हे गेले. गोठ्यात गव्हाणीवर पडले. मांडीचं हाड मोडलं.

झोका निंबाला हलत होता. नाड्याला काही झालं नाही.

ट्रॅक्टरमध्ये घालून जळगावला नेलं. दवाखान्यात नाना एवढा रडला, एवढा रडला, की लोकांनी पाणी नानाला पाजलं.

पाय ह्यांचा मोडला होता.

प्लास्टर निघालं तर पाय आखूड. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा माणूस, परत गाठ नाही उचलली. पुढचं बठ्ठं आयुष्य ओट्यावर बसून काढलं. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला मी गेले.

नाना माफी मागायला आला नाही. एकदा पण नाही.

पुढची आखाजी आली. पोरींनी हट्ट केला, नानानं झोका बांधला. आणि दिवस मावळायच्या आत, पोरी वर बसलेल्या असताना, म्हणाला, उतरा.

पोरी चिडल्या. नको नको ते बोलल्या. नानानं ऐकून घेतलं, नाडा खांद्यावर टाकला, शिडी लावली आणि आमच्या खोलीवरचा पत्रा आधी बांधला.

मी चुलीजवळून बघत होते.

हे ओट्यावरून म्हणाले, "तो बांधस ना, बांधू दे."

मी कुठं अडवलं होतं.

मग दर साली तेच. हसरा चेहरा म्हणता ना तुम्ही, तो त्या संध्याकाळी बघायला पाहिजे होता.

हे गेले. नंतर आमच्या पोरानं स्लॅब टाकला. त्या साली पण नाना आला नाडा घेऊन. अंगणात उभा राहून वर बघत बसला.

म्हटलं, आता काय बांधतो नाना?

"काही नही वहिनी."

नाडा माझ्या उंबऱ्याजवळ ठेवला आणि गेला.

अजून खुंटीला आहे. उंदरांनी थोडा कुरतडलाय. आखाजी झाली की मी त्याला ऊन दाखवते.

काल तिरडी बांधायला सुतळी कमी पडली. नानाचा पोरगा पळत आला.

"मोठी आई, तो नाडा दे ना. आमच्या नानाचाच शे."

मी म्हटलं, दुकानातून सुतळी आण.

दारातल्या सगळ्या बायांनी माझ्याकडं बघितलं. बघू दे. त्या आखाजीला पण असंच बघितलं होतं.

जा नाना. नीट जा.

नाडा का नाही दिला, ते कोणी विचारू नका. मी सांगणार नाही.