खंडेनवमीला दुरुस्त केलेलं पायथन

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही मी कॉम्प्युटर शिकतो, साहित्य नाही. माझ्या वाक्यांत चुका असतील. पण हे मी तोंडी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं मी रचून सांगतोय, म्हणून एकदा लिहून काढतो.

पुण्याच्या एका कंपनीने इंटर्नशिपसाठी आमच्या वर्गाला काम दिलं होतं. बाजार समितीतल्या भावांच्या फायली वाचून आलेख काढणारा प्रोग्राम लिहायचा आणि दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. "सुट्टीत निवांत करा," असंही त्यांनी लिहिलं होतं. निवड झाली तर तिथे राहून शिकायला मिळणार होतं. मला ते फार हवं होतं. किती हवं होतं हे घरी बोललो नव्हतो, कारण एकदा बोललं की अमडापूरच्या बाजारापर्यंत सगळे विचारत राहतात.

खामगावला होस्टेलवर प्रोग्राम छान चालत होता. गावी आलो, आणि नवमीच्या सकाळी पायथनची, म्हणजे ज्या भाषेत मी प्रोग्राम लिहितो तिची, नवी आवृत्ती आल्याचं दिसलं. मी ती बसवली. नवी होती, एवढंच. त्यानंतर प्रोग्राम पहिल्याच ओळीवर थांबला. तक्ते वाचायचं पॅकेज सापडत नाही म्हणाला. पॅकेज म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं काम. आपण फक्त ते आत बोलवायचं, त्यालाच इम्पोर्ट म्हणतात. मी पॅकेज पुन्हा बसवायला गेलो तर उत्तर आलं, ते आधीच बसलेलं आहे. प्रोग्राम चालवला, सापडत नाही. पुन्हा बसवलं, बसलेलं आहे. पाहुणे घरात जेवायला बसलेत असं एक जण सांगत होता, आणि दुसरा दारातून ओरडत होता की कोणी आलंच नाही.

"काय बाप्पा, आंघोळ तर करून घे," आई म्हणाली. "सण हाय आज."

आंघोळ करून आलो तर खाटेवर लॅपटॉप नव्हता. तो देवघरासमोर पाटावर होता. एका बाजूला विळे आणि कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप, मधे माझा लॅपटॉप. झाकणावर हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल, आणि सगळ्या हत्यारांना बांधतात तसा त्यालाही नाडा, म्हणजे पूजेचा लाल दोरा, बांधलेला. आईचा चेहरा इतका खूश होता की लॅपटॉप उचलायला पुढे केलेला हात मी मागे घेतला.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजेत बसली की दसऱ्याला सोनं घेऊन आल्यावरच उचलतात. तोवर ती चालवायची नाहीत. हा नियम मोडायचा की नाही हे बाबा ठरवत नाहीत, मोठे बाबा ठरवतात. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. ते अंगणाच्या पलीकडे राहतात, पण निकाल द्यायला आमच्या ओट्यावर येतात.

"भाऊ, त्याचं काम अडलं हाय," बाबा म्हणाले. "उद्या पाठवावं लागते."

"मंग माह्यं नाही अडलं का? सोयाबीन उभं हाय वावरात. इळा बसला का नाही गुमान?"

मी हळूच म्हणालो, "मोठे बाबा, तुमचा मोबाईल कुठं बसला पूजेत?"

"मोबाईल काही हत्यार नोहे बे. त्यानं कधी काही कापलं का?"

लॅपटॉपनेही काही कापलं नव्हतं, पण हे बोलायचं धाडस झालं नाही. मी एवढंच सांगितलं की मला तो आज चालवायचा नाही. तो बिघडलाय, दुरुस्त करायचा आहे.

विळ्याला धार लावणं आणि विळ्याने सोंगणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मोठ्या बाबांनी माझ्या बाबांना समजावून सांगितलं, जणू बाबाच भांडत होते. मग निकाल दिला. नाडा तोडायचा नाही, सैल करायचा. पाटावरून उचलायचं नाही. धार लावायची, पण चालवायचं नाही. आणि आपण स्वतः तिथे बसून लक्ष ठेवू.

असा मी कुऱ्हाडीशेजारी मांडी घालून बसलो. चार्जरची वायर पंपाच्या नळीवरून घेतली. नाडा कोपऱ्यात सरकवून झाकण उघडलं तर झेंडूचं फूल मागे पडलं. आईने ते उचलून की-बोर्डच्या कडेला ठेवलं.

चिखलीच्या मित्राला फोन लावला.

"प्रोग्राम चालवून पाय बरं एकदा," तो म्हणाला.

"चालवता येत नाही."

"काऊन?"

"पूजेत बसलाय."

"बे, तू जेवला का सकाळून?"

शेवटी त्यानेच सांगितलं की मशीनमध्ये आता दोन पायथन असणार. पाहिलं तर होते. पॅकेजं जुन्याकडे जाऊन बसत होती आणि प्रोग्राम नव्याकडे मागत होता. म्हणजे खोटं कोणीच बोलत नव्हतं. मित्र म्हणाला, जुनं काढून टाक, आणि नव्याचंच नाव घेऊन त्याच्याकडूनच पॅकेजं मागव.

"काढून टाकणं धार लावण्यात येते का?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"गंज खरडल्यासारखं आहे."

"मंग खरड."

माझा डेटा सकाळीच संपला होता, म्हणून बाबांच्या फोनवरून इंटरनेट घेतलं. पहिलं पॅकेज उतरलं. दुसरं, आलेख काढायचं, अर्ध्यावर असताना मळणीयंत्रवाल्याचा फोन आला आणि बाबा बोलत बोलत गोठ्याकडे निघून गेले. त्यांच्या खिशात माझं इंटरनेटही गेलं. पॅकेज अर्धवट बसलं. आधी एका ओळीची चूक येत होती, आता पडदाभर लाल अक्षरं आली.

"हे तर जास्त बिघडलं," मोठे बाबा म्हणाले. "कुकवाचा रंग नोहे ना हा?"

मी अर्धवट पॅकेज पुसलं. मोठे बाबा गोठ्यापर्यंत जाऊन बाबांना हाताला धरून घेऊन आले, आणि पॅकेज पूर्ण उतरेपर्यंत त्यांना ओट्यावरून हलू दिलं नाही.

आता अडचण अशी की झालं की नाही हे प्रोग्राम न चालवता कसं कळणार? मी भीत भीत सांगितलं की पॅकेजला फक्त आत बोलावून पाहता येतं, काम न सांगता.

मोठ्या बाबांनी विचार केला. "धार लावल्यावर आपून आंगठ्यानं पायतो, लागली का नाही. कापत नाही काही. तसंच हाय का हे?"

"अगदी तसंच."

"मंग पाय."

मी इम्पोर्ट लिहून बटण दाबलं. खाली रिकामी ओळ आली.

"काय म्हणते?"

"काहीच नाही म्हणत."

"मंग राह्यलं बिघडलेलंच."

"नाही, काही म्हणत नाही म्हणजेच ठीक आहे."

"अजब मशीन हाय," ते म्हणाले, आणि स्वतः झाकण लावून नाडा घट्ट केला.

दसऱ्याला नवी भीती होती. सोनं घेऊन गाव परततं ते दिवस मावळताना, आणि सहाला मुदत संपणार. दुपारी मोठ्या बाबांनी विचारलं, "सहा वाजता काय होते पुण्यात?"

"दार बंद होतं."

त्यांनी टोपी घातली. "मंग आपून आधीच जाऊन येऊ. शिवेले काही टाइम नसते."

मोठे बाबा, बाबा आणि मी असे आम्ही तिघं टळटळीत उन्हात शिवेकडे निघालो. "काऊन हो, इतक्या लवकर?" लोक ओट्यांवरून विचारत. मोठे बाबा सांगत, "कॉम्प्युटरचं काम हाय." त्यावर कोणी काही बोलत नसे. चार-पाच जण तर चप्पल घालून मागेच आले. आपली वेळ चुकली की काय, असं त्यांना वाटलं असावं.

परत आल्यावर मोठ्या बाबांनी आपट्याचं पहिलं पान लॅपटॉपला दिलं आणि नाडा सोडला. मी प्रोग्राम चालवला. सोयाबीनचा, तुरीचा, हरभऱ्याचा आलेख आला. सहाच्या आत पाठवला.

काही दिवसांनी कंपनीतून फोन आला. तुमचा प्रोग्राम आमच्याकडे पहिल्याच ओळीवर थांबतो, पॅकेज सापडत नाही म्हणतो. माझ्या तोंडातून निघालं, "सर, तुमच्याकडे पायथन किती आहेत?" त्यांनी पाहिलं. तीन निघाले. कोणतं ठेवायचं आणि काय मागवायचं ते मी सांगितलं. ते "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवला.

मग बरेच दिवस काहीच नाही. मी मनातून सोडून दिलं. आमच्या सोयाबीनची मळणी चालू होती, यंत्राच्या आवाजात फोन वाजलेला कळला नाही. धूळ झटकून पाहिलं तर मेल आलेला होता. माझी निवड झाली होती, आणि दिवाळीनंतर पुण्याला हजर व्हायचं होतं.