सलाईनची नळी कोणी दाबली?

भूतखेत म्हटलं की थट्टा करणाऱ्यांतला मी. डॉक्टर, त्यात हट्टी. तरी हे लिहितोय, कारण बायकोलाही अजून सांगितलेलं नाही...

शिरूर कासार तालुक्यातला छोटा सरकारी दवाखाना. मे महिना, दुपारचे दोन. बाहेर चिटपाखरू नव्हतं. बापू नावाच्या मेंढपाळाने बायकोला, मंगलला, टमटममधून आणलं.

"सकाळधरनं लई उलट्या हायत, साहेब. ऊन लागलं तिला. ग्लुकोज लावा, ताकदीचं!"

हातपाय गार, अंग घामाने ओलंचिंब, बीपी जेमतेम लागत होतं. शॉक! "अशा वेळी ग्लुकोज कामाचं नसतं रे बाबा," म्हणत मी आरएलची, म्हणजे क्षारांच्या पाण्याची बाटली लावली आणि नळीवरचं चाक पूर्ण उघडलं. बाटली बरोबर निवडली, याचा कोण तोरा मला!

दोन मिनिटांत धार बंद. चाक तर उघडंच होतं... शेख सिस्टरनी सुई तपासली, शीर ठीक होती. धार पुन्हा सुरू झाली. मी टेबलाकडे वळलो — पुन्हा बंद.

मागे पाहिलं तर खाटेपलीकडे स्टुलावर एक म्हातारी. डोक्यावर पदर, मनगटात चांदीचं जाड कडं. सलाईनची नळी तिने दुमडून मुठीत घट्ट धरलेली. सासू असणार. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, सोडा ती नळी! मारताय का तिला?"

"पानी नगं, लेकरा," ती शांतपणे म्हणाली. "छाती भरल तिची."

मी नळी ओढून घेतली. तिची बोटं ओली होती, आणि इतकी गार की अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात मंगल खोकली. ओठांवर गुलाबी फेस! छातीला स्टेथोस्कोप लावला, तर आत नुसती बुडबुड. फुफ्फुसात पाणी चढत होतं. मी सलाईन तिथेच बंद केलं, तिला बसतं करून ऑक्सिजन लावला. सिस्टरनी पाय चाचपले, तेव्हा अंगठ्याला टोचल्याची लालसर खूण दिसली.

मंगल पुटपुटली, "काटा मोडला वाटलं व्हतं..."

विंचू. विषाने तिचं हृदयच थकलं होतं, आणि मी वरून बाटली ओतत होतो. औषधं सुरू केली, बीडला न्यायला १०८ बोलावली.

गाडी निघताना बापूला म्हणालो, "आईलाही सोबत घे."

"कुणाची आई? आमी दोघंच आलो की."

"स्टुलावर बसली होती ती. चांदीचं कडं घातलेली."

त्याचा चेहरा उतरला. "तसं कडं माझ्या आईच्या हातात व्हतं. पर ती परसालच गेली, साहेब. ह्याच खाटंवर. दम लागल्ता तिला, तुमीच सलाईन लावली व्हती. लई पळापळ केली तुमी तिच्यासाठी..." आणि त्याने माझे पाय धरले.

मला आठवलं सगळं. तिचीही छाती न तपासता मी बाटल्या जोरात सोडल्या होत्या. तिच्याही तोंडाला फेस आला होता. कागदावर मी 'हृदयक्रिया बंद' एवढंच लिहिलं. बाकीचं फक्त मला ठाऊक होतं... मला, आणि तिला.

मंगल वाचली. सिस्टर म्हणतात, स्टूल सगळा वेळ रिकामंच होतं. नळीवरचा दुमडल्याचा पांढरा वळ मात्र त्यांनीही पाहिला. मला आजही याचा उलगडा झालेला नाही. सुनेला वाचवायला आली होती ती, की मला जाब विचारायला? आता छाती ऐकल्याशिवाय मी चाकाला हात लावत नाही, आणि लावताना त्या स्टुलाकडे बघायची हिंमत होत नाही.

परवा बापू बाजारात भेटला. चार लोकांत वाकून पुन्हा माझ्या पाया पडला. मी अजूनही गप्पच आहे.