झाडाला सांगायचं नसतं

ज्या बाईच्या अंगात देवी येते तिला आमच्याकडं झाड म्हणतात. वारं येऊन गेलं की बाकीच्या बायका तिच्याभोवती उभ्या राहतात, पदर सारखा करतात, केस बांधून देतात, पाणी पाजतात. आणि ती काय बोलली, कशी घुमली, कुणावर ओरडली, हे तिला कुणी सांगत नाही. माझ्या आईला मी जन्मायच्या आधीपासून वारं येतं. ती त्यात काय बोलते ते सगळ्या गल्लीला माहीत, तिला एकटीला नाही. तिनंही कधी विचारलं नाही. झाडाला सांगायचं नसतं, एवढंच.

वारं मलाही येतं. मी मात्र मला बघितलं. कंपनीच्या बसमध्ये, शेजारी बसलेल्या बाईच्या फोनवर. ती म्हणाली, "ही तुझ्यासारखीच दिसती बघ." मी बघितलं आणि म्हणाले, "कायतरीच." तेवढ्यात तिनं माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडं बघितलं, मग फोनकडं बघितलं आणि फोन पिशवीत टाकला. त्या बांगड्या देवीच्या म्हणून मी नवरा गेल्यावरही काढल्या नव्हत्या.

हे कुठून सुरू झालं ते आधी सांगते. आमचं गाव लातूरकडं. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, मग नवरा अपघातात गेला. लेकीला आईजवळ ठेवून मी पुण्याजवळ सणसवाडीला कंपनीत कामाला आले. इथं एका ओळीत खोल्या असतात, पुढं मोरी, मागं दुसऱ्या ओळीची भिंत. मला खोली दिली ती घरमालकीण काकूंनी. एकट्या बाईला खोली द्यायला लोक दहा प्रश्न विचारतात. काकूंनी एकच विचारला, "चुलीवर करशील का गॅस हाय?" पहिल्या पावसाळ्यात मी तापानं पडले तेव्हा त्या दोन्ही वेळेला भाकरी आणि मुगाचं कढण घेऊन आल्या, आणि भांडी मला घासू दिली नाहीत. हे मी विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही.

कंपनीत मी बरीच वर्षं पॅकिंगला होते. मग मशीन मिळालं. पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा आणि दोन बाजूंची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची, तेव्हा प्रेस खाली येतो. एका हातानं येत नाही. चुकून हात आत राहू नये म्हणून तसं केलेलं. ठेकेदाराकडच्या बायकांमध्ये मशीन चालवणारी मी एकटी. मशीनमुळंच लेकीची शाळा आहे, आणि आठवी तिनं पार केली ती मशीनमुळंच, असं मी धरून चालते. मशीनवर चक्कर येणारं, झटके येणारं माणूस ठेवत नाहीत. ठेवूही नये.

काकूंचं माहेर पाटसच्या बाजूला. तिथं ऊस तुटून कारखान्याला गेला की मळ्यात देवीला नैवेद्य करतात. दुपारी आरती, संबळ, मग जेवण. काकू म्हणाल्या, "चल की. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून भिंतीच बघायच्या ना तुला." मी गेले. इतकी वर्षं गावाबाहेर मला कधी वारं आलं नव्हतं. मला वाटलं होतं देवी गावाकडंच राहिली. संबळ वाजलं, मानेमागं गार लागलं, आणि पुढचं मला माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं काकूंच्या मांडीवर होतं आणि भोवती बायकांच्या साड्या होत्या, लाल, पिवळ्या. खूप बरं वाटलं होतं. परक्या मुलखात कुणीतरी माझे केस बांधून देत होतं.

काकूंचा भाचा तिथं होता. दौंडला त्याचं फोनवर चालणारं बातम्यांचं चॅनल आहे. हातात रंगीत स्पंज लावलेला माईक घेऊन तो ऊसतोडीपासून ग्रामसभेपर्यंत सगळीकडं जातो. त्यानं फोन खांबाला टेकवून शूटिंग केलं होतं. बायका पदर सारखा करायच्या आधीचं.

व्हिडिओत माझे केस तोंडावर होते, परकर दिसत होता, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आवाज माझा नव्हता आणि माझाच होता. मी म्हणत होते, "एक जण जाईल. या सालात एक जण जाईल." खाली लाल पट्टी: देवीचा गावाला इशारा. मागं बातम्यांचं ढणढण संगीत. "सणसवाडीत काम करणारी महिला" असंही लिहिलेलं. खाली लोकांनी लिहिलं होतं. नाटक आहे. झिंज्या धरून हाणा. फिट आहे, दवाखान्यात न्या. आणि कितीतरी जोडलेले हात. शिव्या वाचून वाईट वाटलं, पण हात जोडणाऱ्यांची भीती जास्त वाटली.

ती खरी ठरली. त्याच आठवड्यात एक आबा माझी खोली शोधत आले. धोतर, पांढरी टोपी, पिशवीत नारळ. मोरीजवळ उभे राहून म्हणाले, "माय, तू ती का?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"माझी म्हातारी दवाखान्यात हाय. पंधरवडा झाला. तू म्हणली एक जण जाईल. ते आमच्यातलं का, एवढंच सांग. न्हाई म्हणलीस तरी चालंल."

त्यांनी नारळ माझ्या पायापाशी ठेवला आणि ते वाकायला लागले. वडिलांच्या वयाचा माणूस. मी मागं सरकले तर पाठ भिंतीला लागली. नाही म्हणावं तर कोणत्या तोंडानं, हो कसं म्हणावं. मला तर आठवतही नाही. तेवढ्यात काकू आल्या.

"आबा, उठा. हिला काय इचारता. मी तिथं हुते. ते गावाला सांगितलंच न्हाई. एका घरातल्या माणसानं इचारलं, त्याच्या घराचं सांगितलं. तुमच्या म्हातारीचा आन् त्याचा काय संबंध न्हाई."

"मग फोनवर तसं का लावलंय?"

"फोनवाल्याला इचारते ते मी."

आबा नारळ परत घेईनात. शेवटी काकूंनी तो त्यांच्याच हातानं देवळात फोडायला लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दौंडला निघालो. शिक्रापूरला गाडी बदलली, चौफुल्याला पुन्हा बदलली. वाटेत काकूंनी एवढंच सांगितलं, की भाच्याचं आणि त्याच्या भावाचं पटत नाही, आणि आरतीच्या वेळी देवीला प्रश्न भाच्यानंच विचारला होता. काय विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणजे त्यानं आपला प्रश्न कापून टाकला होता आणि माझं उत्तर तेवढं ठेवलं होतं.

भाच्याचं ऑफिस म्हणजे मोबाईलच्या दुकानाच्या वरचा गाळा. भिंतीला हिरवा पडदा, एक टेबल. तो चांगला वागला. खुर्च्या पुसून दिल्या, चहा सांगितला.

"आत्या, अगं एवढा माझा कुठलाच चालला न्हाई. लोकांची श्रद्धा हाय म्हणून बघत्यात. मी कुठं वाईट काय लिवलंय?"

"चांगलं झालं. मग त्याच्या आधीचा पण टाक."

"कुठला आधीचा?"

"तू हात जोडून बसलास आन् इचारलंस तो. तुझं तोंड बी दिसू दे की लोकांना. तुझी बी श्रद्धा हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. "ते घरातलं हाय, आत्या. ते कशाला."

"हिचं पण अंगातलं हाय."

तो चहाचा कप फिरवत बसला. काकूंनी आवाज चढवला नाही. "मी कुणापाशी बोलणार न्हाई. झाडाला जसं सांगायचं नसतं तसं इचारणाऱ्याचं बाहेर काढायचं नसतं. तुझ्या आईनं पाळलं, मी पाळते. तू काय वेगळ्या घरचा हायस का?"

त्यानं आमच्यासमोर चॅनलवरून व्हिडिओ काढून टाकला. मग मला म्हणाला, "ताई, माझ्याकडनं काढला. पण लोकांनी पुढं पाठवलाय, ते आता माझ्या हातात न्हाई." एवढा मोठा माईक असलेला माणूस तसं म्हणाला तेव्हा मला हसू आलं.

सुपरवायझरकडं तो व्हिडिओ पोचलाच होता. आमचे सुपरवायझर बिहारचे. शिफ्ट सुटताना त्यांनी बाजूला बोलावलं आणि फोन दाखवला. "दीदी, ये आप हो ना?"

"हाँ."

"दौरा पड़ता है?"

"दौरा नहीं सर. देवी आती है."

"मशीन पे आ गई तो?"

"संबळ बजे बिना नहीं आती."

ते हसले नाहीत. म्हणाले, "हमारी दादी पे भी आती थीं. लेकिन दादी प्रेस नहीं चलाती थीं."

मला पुन्हा पॅकिंगला बसवलं. मशीनवर दुसरी बाई आली, आणि मी खोके चिकटवताना तिच्या हातांकडं बघत बसायचे. मग कंपनीच्या डॉक्टरकडं पाठवलं. तरुण पोरगा होता, काकूंच्या भाच्याएवढा. जीभ चावली जाते का, अंग ताठ होतं का, शुद्ध हरपते का, असं विचारत गेला. शेवटच्या प्रश्नाला मी अडले. खोटं बोलावं तर देवीचं पाप, खरं बोलावं तर मशीन जाईल. म्हणाले, "देवापुढं हरपते. बाकी कुठं नाही." त्यानं वर बघितलं, डोक्याचं यंत्र लावून तपासणी केली आणि काही दोष नाही म्हणून सोडलं. त्याचे आणि सुपरवायझरचे मी आजही मनातल्या मनात पाय धरते. मशीन परत देताना सुपरवायझर म्हणाले, "देवी से मुझे दिक्कत नहीं है दीदी. फिर वीडियो आया तो ऊपर वाले मुझसे पूछेंगे."

यंदा ऊस गेल्यावर काकूंनी पुन्हा बोलावलं. मळ्यात त्यांनी दारातच परात ठेवली होती. येईल त्याचा फोन परातीत, वर टॉवेल. पुरुष कुरकुरले. एक जण म्हणाला, "आत्या, टोलनाका टाकला का काय?" भाच्यानं आपला फोन पहिला ठेवला. तो घरातून गेला, आता भावापासून वेगळा राहतो असं कानावर आलं. मी पुढं काही मनात येऊ दिलं नाही.

आरती झाली. संबळ सुरू झालं. मानेमागं गार लागलं, तळहाताला मुंग्या आल्या. काकू माझ्याच मागं बसल्या होत्या, हळूच म्हणाल्या, "ये म्हणावं तिला. मी हाय." मलाही ती यायला हवी होती. वर्षभराचं सगळं छातीत साठलेलं होतं. आणि डोळे मिटायच्या आधी गोठ्याच्या कोपऱ्यावर नजर गेली. विहिरीवरच्या मोटारीच्या केबली चोरीला जातात म्हणून त्यांनी तिथं कॅमेरा बसवलाय. तो परातीत कोण ठेवणार? त्याचा बारका लाल दिवा नेमका आमच्याकडं बघत होता.

मी दोन्ही हात जमिनीवर दाबून धरले. मशीनची बटणं दाबते तसे, एकदम, जोरानं. दात आवळले. वारं मानेपर्यंत आलं, थांबलं आणि निघून गेलं. संबळ वाजत राहिलं. काकूंनी हातात पाण्याचा तांब्या तयार ठेवला होता, तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

रात्री आईला फोन केला.

"आली का गं देवी?"

"आली होती. मी अडवली."

 मागं लेकीच्या वाचण्याचा आवाज येत होता. आई म्हणाली, "असं काहून करूलालीस बाई. अडवलं तर ती परत जात नाही. मग नको तिथं येती."

तेव्हापासून प्रेसचा ठोका सुरू झाला की मी आधी कान देऊन ऐकते, संबळासारखा तर नाही ना. एक तुकडा आत, दोन्ही हात बटणावर, ठोका. एक तुकडा आत, दोन्ही हात बटणावर. मानेमागं पंख्याचं वारं लागलं तरी दचकते. अजून तरी ते पंख्याचंच आहे.