मुंजाबाची गाडी वाकत नाही

मार्गशीर्षातली थंडी पाचोडच्या शिवारात उतरली की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहतात. मुंजाबाला त्यांना ढकलून वेगळं करावं लागतं. तांबडं फुटायच्या आत कोकरं आयांना लावायची, पोटं टम्म झाली की ओढून जाळीत कोंडायची, मग शेळ्यांच्या धारा. पन्नाशी गाठलेला माणूस, पण ह्या कामात त्याचा हात कधी चुकला नव्हता. त्या सकाळी चुकला.

"आवो, धार भांड्याच्या भायेर चाललीय," बानाबाई चुलीपासून ओरडली. "ध्यान कुटंय?"

नवऱ्याचं ध्यान आप्पासाहेबाच्या तळव्यात होतं. जाड, मऊ तळवा, बोटांत दोन अंगठ्या. तो तळवा मुंजाबाच्या डोक्यावर टेकला त्याला सहा आठवडे झाले होते.

आप्पासाहेब जनावरांच्या बाजारातला दलाल. तिथला सौदा उपरण्याखाली होतो. दोघं एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. मुंजाबा मात्र उपरण्याखाली हात घालत नाही. "माजा मेंढा चोरीचा नाय, मंग हात कामून लपवू?" म्हणतो आणि भर बाजारात तोंडानं भाव सांगतो. त्यापायी दलालांची पंचाईत होते. आप्पासाहेब दोन वर्षं डूख धरून होता.

दिवाळीनंतरच्या बाजारात मुंजाबानंच त्याला आयती संधी दिली. मुंजाबाची मोटारसायकल शंभर सीसीची, जुनी. मागं पोत्यात बांधलेला मेंढा, बाजूला दुधाचा कॅन, अशी दहा वर्षं वापरून तिचे पुढचे शॉकअप मेले होते. जरा ब्रेक मारला की गाडी नाक घासायला बघायची. त्या दिवशी आप्पासाहेब बसला होता त्या बाजेपुढं कुत्रं आडवं आलं. मुंजाबानं पुढचा ब्रेक आवळला. गाडी वाकली ती वाकलीच, आणि मुंजाबा हँडलवरून जो गेला तो थेट आप्पासाहेबाच्या पायांवर. कपाळ त्याच्या चपलेवर.

आप्पासाहेबानं पाय मागं घेतला नाही. हात पुढं केला, मुंजाबाच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "असू दे, असू दे. सुखी ऱ्हावा."

अख्खा बाजार हसला. कुणीतरी ते मोबाइलात घेतलं, त्याला देवळातल्या घंटेचा आवाज जोडला आणि ग्रुपवर सोडून दिलं. तेव्हापासून मुंजाबा बाजारात शिरला की पानटपरीवाल्यापासून हमालापर्यंत सगळे तळवा वर करायचे. संभाजीनगरात कॉलेजला असलेल्या लेकीनं, प्रांजलीनं, फोनवर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यावरूनच मुंजाबाला कळलं की तिनंही ते बघितलंय.

पडल्याचं त्याला काही नव्हतं. माणूस पडतो. पण त्या हाताखाली आपण डोकं खाली घालून, कातरायला धरलेल्या मेंढीसारखे गप राहिलो, हे त्याला खात होतं.

"बास झालं," त्यानं भांडं खाली ठेवलं. "त्याच्याम्होरं दाबून बिरेक मारतो. गाडी वाकायची नाय. मंग दे म्हनावं आशीर्वाद."

"नवे शॉकअप आनता व्हय? कशाच्या जीवावर?"

"नवे कामून? भंगारात काय मिळत नाय?"

संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात प्रांजलीच्या खोलीखालीच संघपालचं गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, आत मावतील तेवढ्याच दोन गाड्या. संघपालनं हँडल धरून पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी खाली रेटली. ती खाली गेली आणि वर यायचं नावच घेईना.

"मामा, हिच्यात स्प्रिंगा नायीत, शेवया हायेत."

"कडक कर."

"दीडशे सीसीच्या जुन्या गाडीच्या स्प्रिंगा बसतील. आखूड पडल्या तर वर नळीचा तुकडा घालू. भंगारात तुमीच जावा. भंगारवाला मला ओळखतो, मी गेलो तर भाव चढवील." लांबी-जाडीसाठी त्यानं सुतळीला गाठी मारून दिल्या.

भंगारवाल्याकडं स्प्रिंगांचा ढीग होता. मुंजाबा त्यात बसला तो तासभर. एकेक स्प्रिंग जमिनीवर उभी करायची, वरून तळहात टेकवून अंगाचा भार टाकायचा आणि डोळे मिटायचे. मेंढ्याच्या कमरेवर हात दाबून तो अशीच पारख करतो. दाबला तरी कंबर सोडत नाही तो मेंढा खरा. अशा शंभरातून त्यानं दोन निवडल्या आणि कुणाला हातसुद्धा लावू न देता छातीशी धरून आणल्या.

संघपालनं त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि कपाळावर हात मारला. "ह्या दोन येगळ्या गाड्यांच्या हायेत."

"लई दांडग्या हायेत पर. सगळ्या ढिगात ह्या दोनच."

"दांडग्या हायेत, पन एक जास्त दांडगी हाय. एक दबंल, दुसरी दबायची नाय. चाक पिळवटंल. मामा, जोडी लागती. औताला बैल बघतानी काय बघता?"

"माज्या बापानं औत नाय धरलं कधी," मुंजाबा म्हणाला. "आमी कळपातलं चांगलं तेवढं उचलतो. जोडी लावत नाय."

संघपाल हसला. मुंजाबाच्या कपाळाची शीर ताठ झाली. हल्ली कुणीही हसलं की त्याला ते घंटेचा आवाज लावलेलं हसू वाटायचं. तो पुन्हा भंगारात गेला. दोनातली जास्त दांडगी हातात धरली आणि तिची सख्खी बहीण मिळेपर्यंत ढीग उपसला. ऊन कलल्यावर परत आला तेव्हा नखं काळी झाली होती, पण हातात जोडी होती.

संघपालनं शॉकअप उतरवले. आतलं जुनं ऑइल काकवीसारखं काळं निघालं. सील बदलले. नवं ऑइल त्यानं लहान पोराच्या दुधाच्या बाटलीनं मोजून भरलं. बाटलीवर रेघा होत्या, दोन्हीकडं एकाच रेघेपर्यंत. मग स्प्रिंगा, आणि वर लोखंडी नळीचे दोन तुकडे, दोन बोटं लांबीचे.

"तीन बोटं घाल."

"मामा, दोन बास हायेत. तीन घातली तर खड्ड्यात मनगटं निखळतील. शॉकअपनं थोडं वाकायचंच असतं, त्यासाठीच असतो तो."

"माजा वाकायचा नाय."

"असं काय हाय तरी?"

मुंजाबानं तीन बोटं वर धरली. संघपालनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तीन बोटांचे तुकडे कापले. शॉकअपच्या पाइपाला रबरबँड अडकवला. जितकं वाकेल तितका तो सरकून वर जातो आणि तिथंच राहतो. मुंजाबानं गल्लीत एक चक्कर मारली, कचकन ब्रेक दाबला. रबरबँड जेमतेम दोन बोटं सरकला होता.

घरापर्यंतच्या पन्नास किलोमीटरांत एकेक खड्डा त्याच्या कोपरापर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटांत आचळ धरेना. धारा बानाबाईलाच काढाव्या लागल्या.

"गाडी कडक केली आनि मानूस ढिल्ला झाला," ती म्हणाली.

मुंजाबाला त्या दुखण्याचं बरं वाटत होतं. त्यानं रानातल्या वाटेवर एक काठी रोवली, तिच्यावर जुनी टोपी घातली. रोज संध्याकाळी मेंढा मागं बांधून भरधाव यायचा आणि काठीपासून वीतभर अलीकडं थांबायचा. पहिल्या दिवशी काठी मोडली. पाचव्या दिवसापासून टोपी हललीसुद्धा नाही. थांबल्यावर तो टोपीकडं बघत बराच वेळ तसाच बसायचा.

"त्या काठीला आता च्या बी नेऊन देऊ का?" बानाबाईनं विचारलं.

बाजाराच्या दिवशी त्यानं सगळ्यात वजनदार मेंढा बांधला. बाजाराच्या तोंडाशी पानटपरीवाल्यानं तळवा वर केला. मुंजाबानं तो बघून घेतला आणि गाडी सोडली. समोर बाज, बाजेवर आप्पासाहेब, गळ्याला डॉक्टरनं दिलेला जाड पट्टा. मुंजाबानं ब्रेक आवळला. मागचा मेंढा त्याच्या पाठीवर येऊन आदळला. मनगटांतून कळ डोक्यात गेली. गाडी उभी राहिली. पुढचं चाक आप्पासाहेबाच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर, आणि नाक जिथल्या तिथं.

कुणी हसलं नाही. बाजूचा माणूस शेळीचे दात बघत होता, तो दातच बघत राहिला. चहावाला गाळणी आपटत होता. काही घडलंच नव्हतं, तर बघणार काय? एक गाडी आली आणि थांबली. इतके दिवस जाळून, मनगटं घालवून मुंजाबानं जे केलं होतं ते कुणाला दिसलंच नाही. त्याला वाटलं, ह्यापेक्षा चाक अंगठ्यावर घातलं असतं तर बरं.

आप्पासाहेबाचा हात सवयीनं अर्धा वर आला होता. तो तसाच राहिला. त्याची नजर चाकावर होती.

"गाडी वाकली नाय रं."

मुंजाबानं एक हात मागं नेऊन मेंढा सरळ केला.

"माजी गाडी लई आपटती. मागल्या पंधरवड्यात मानच धरली." आप्पासाहेब बाजेवरून उतरला. पट्ट्यामुळं मान वाकेना, म्हणून कमरेतून वाकला, मग गुडघे मोडले आणि मुंजाबाच्या चाकापुढं दोन्ही पायांवर बसला. पाइपावरून अंगठ्या घातलेली बोटं फिरवली. वाकताना टोपी पडली. टक्कल उघडं पडलं, मानेला दवाखान्याच्या मलमाचा वास येत होता.

आता लोक बघायला लागले.

ते डोकं मुंजाबाच्या हाताच्या अंतरावर होतं. हात उचलायची देरी होती. पानटपरीवाला मोबाइल काढून उभा होता. पण आशीर्वाद द्यायला मन मोठं लागतं, आणि मुंजाबाला त्या क्षणी ते मोठं करायचं नव्हतं. त्यानं हात ब्रेकवरच ठेवला.

"कुनाकडून केलं?"

"नाय सांगत."

"आरं, मिस्तरी कोन?"

"नाय सांगत."

"मुंजाबा," आप्पासाहेबाचा आवाज खाली आला, "मान लई दुखती रं. रातीला कूस बदलता येत नाय."

"व्हय, दुखत आसंल," मुंजाबा म्हणाला. "नाय सांगत."

पाठीमागून कुणीतरी फिसकन हसलं. आप्पासाहेबाला उठता येईना. बाजेचा पाय धरून तो कसाबसा उभा राहिला. ब्रेक जरा सैल होताच चाक टोपीवर सरकलं होतं. मुंजाबानं गाडी मागं घेतली नाही. आप्पासाहेबानं टोपी ओढून काढली तेव्हा तिला टायरची नक्षी उठली होती.

मेंढा दुपारी विकला गेला. भर बाजारात, तोंडानं भाव सांगून.

घरी आल्यावर बानाबाईनं विचारलं, "झालं का समाधान?"

मुंजाबानं गाडी भिंतीला टेकवली. "अजून इचारील. फुडल्या बाजारी बी इचारील. तवा बी नाय सांगनार."

"आनि मंग?"

"मंग त्याच्या फुडल्या."

त्यानं मनगटांना कोमट तेल चोळलं, खुंटीवरचा कोयता घेतला आणि शेळ्यांना पाला तोडायला बाभळीकडं निघाला.