शेवटचा बन

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की अमेरिकेतल्या अल्फारेटातील शेवटच्या बनाचा प्रश्न अखेर सुटला आहे.

२००४ च्या सुमारास आमच्या शेजारच्या स्वीडिश बाई दर शनिवारी घरी आम्हा काही हौशी मंडळींना त्यांची भाषा शिकवायच्या. ‘हो’ म्हणताना त्या श्वास आत ओढायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना दमा आहे. मधली कॉफी त्यांना व्याकरणाहून पवित्र होती, आणि तिच्याबरोबर त्यांनी स्वतः भाजलेले दालचिनीचे बन. शेवटचा बन मात्र कुणी उचलायचा नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. म्हणून आम्ही त्यातला अर्धा घ्यायचो, मग अर्ध्यातला अर्धा. बाई यजमान, त्या सगळ्यांच्या नंतर घेणार, म्हणजे कधीच नाही. उरलेल्या तुकड्याकडे त्या बघत राहायच्या आणि मी त्यांच्याकडे. यांना तो हवा असतो की काय?

एकदा पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई सोबत होत्या. अर्धा बन उरला, सगळ्यांचे हात मागे गेले, आणि सासूबाईंनी तो खुशाल उचलला. त्या थेट बाईंपुढे उभ्या राहिल्या. “अहो, मघापासून वाढताय, तुम्ही कुठं काय खाल्लंत? माझ्यासाठी एवढा घ्या.”

“नो, नो!” बाई मागे सरकल्या.

सासूबाईंना नकार कुठल्याच भाषेत कळत नाही. त्यांनी बन बाईंच्या तोंडाशी धरला. बाईंनी खाल्ला, डोळे मिटले आणि मग माझ्यावर इंग्रजीत ओरडल्याच, “तुमच्याकडे नाही म्हटल्यावरसुद्धा देतात, हे आधी का नाही सांगितलंस?”