आज प्रार्थनेत दादाचं नाव राह्यलं

आमची आई रोज सकाळी प्रार्थनेत आम्हा भावंडांचं एकेकाचं नाव घेऊन देवाकडे आशीर्वाद मागते. आज तिनं दादाचं नाव घेतलंच न्हाई. आम्ही आमेन म्हणून मोकळे झालो, अन् दादा मोटारसायकलवर अंबडला निघाला.

माझ्या लक्षात आलं तसा मी त्याला फोन लावला. दोन तास त्यानं फोन उचलला न्हाई. शेवटी त्याचाच आला. "बराबर पोचलो. काय झालं गं?"

जिवात जीव आला. आईला म्हणलं, "सकाळी दादाचं नाव राह्यलं, आता घे."

आईनं हात जोडले, डोळे मिटले. मंग हळूच विचारलं, "नाव काय गं त्याचं?"

उद्या ती माझ्या नावापाशी अडली, तर मी सांगायचं का वाट बघायची?